नकाशातून गळालेलं अक्षर

आबा गेल्यावर त्यांची खुर्ची हलवायची नाही, असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी आईने ती हलवली नाही. हिरव्या प्लॅस्टिकची, एका हाताला तडा गेलेली खुर्ची माझ्या टेबलाच्या डावीकडे तशीच राहिली. शेवटचे पाच-सहा महिने माझे वडील दुपारभर त्या खुर्चीत बसत. त्यांना दम लागे, बाहेर फिरणं बंद झालं होतं, आणि आईच्या मालिकांचा त्यांना कंटाळा होता. मी कॉलेजातून आले की संगणक लावून बसायची. ते येऊन बसायचे.

मी संगमनेरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आबांनी सारा जन्म जमिनी मोजल्या. मोजणीदार म्हणून ते अकोले तालुक्याच्या डोंगरापासून नेवाशाच्या सपाटीपर्यंत जिल्हाभर हिंडले. त्यांच्या उमेदीच्या काळात मोजणी साखळीने व्हायची. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, आणि तिचे सोळा भाग, त्यांना म्हणायचं आणे. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या उजव्या तळहाताला त्या साखळीचा घट्टा होता, तो शेवटपर्यंत गेला नाही.

माझ्या पडद्यावर आडव्या रंगीत पट्ट्या असत. आबा पहिल्यांदा येऊन बसले तेव्हा बराच वेळ त्या पाहून म्हणाले, "हा कुठल्या गावचा नकाशा?"

"गावचा नाही आबा, माशीचा."

"माशीचा." त्यांनी चष्मा पुसला. "आन् तिची मोजनी तू करनार."

"संगणकाने केलीय. मी फक्त तपासणार."

"म्हंजे आमच्यासारखंच. वरच्यानं करायचं, खालच्यानं निस्तरायचं."

काम खरोखर तसंच होतं. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते ती फळमाशी. तिच्या एका जातीच्या डीएनएची सगळी अक्षरं वाचून झाली होती. अक्षरं चारच, पण ओळ कोट्यवधी अक्षरांची. त्या ओळीत कुठून कुठपर्यंत जनुक आहे याचा अंदाज संगणक करतो. अंदाज पुष्कळदा बरोबर असतो, कधी नसतो, आणि दोन प्रोग्रॅम दोन निरनिराळे अंदाज देतात तेव्हा माणसाने बसून निकाल लावावा लागतो. त्यासाठी ओळीचे तुकडे पाडून ते कॉलेजाकॉलेजांत वाटले होते. आमच्याकडे एक तुकडा आला होता.

एक नियम कडक होता. प्रत्येक तुकडा दोघांनी स्वतंत्रपणे तपासायचा, एकमेकांशी त्याबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, आणि शेवटी दोघांची उत्तरं समोरासमोर ठेवायची. माझी जोडीदारीण आमच्याच विभागातली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिच्या वडिलांचं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान आहे. ईदला ती विभागातल्या सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणते आणि उरलेलं वर्षभर त्याची आठवण करून देते. आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. नियम आल्यावर ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, भाजीत मीठ कमी आहे एवढं बोललं तर चालेल ना? त्यातून काही जनुकाची माहिती फुटत नाही."

आमच्या तुकड्यात चार जनुकं होती. तीन सरळ निघाली. चौथं अडलं.

या माशीची एक नात्यातली माशी आहे, पिढ्यान् पिढ्या प्रयोगशाळांत वाढलेली. तिचा नकाशा पक्का मानतात. तिच्यात त्या जागी एकच लांब जनुक आहे. आमच्या माशीत मात्र एका प्रोग्रॅमने दोन वेगळी जनुकं दाखवली. दुसऱ्याने एकच दाखवलं, पण मध्ये एक फट ठेवून. जनुक सलग नसतं. मधला काही भाग पेशी गाळून टाकते, त्यामुळे फट असण्यात नवल नव्हतं. पण ही फट फारच लहान होती. एवढीशी फट माशीत सहसा आढळत नाही.

आबांना हे सांगायचं म्हणजे मला आधी माझं मलाच नीट समजून घ्यावं लागायचं. मी म्हणाले, पेशी ही अक्षरं तीन-तीन करून वाचते. काही ठरावीक त्रिकूटं म्हणजे थांबा. आमच्या माशीत या जनुकाच्या मध्यावर थांबा येतो. म्हणून एक प्रोग्रॅम म्हणतो, जनुक इथे संपलं, पुढे दुसरं सुरू. दुसरा म्हणतो, इथे फट आहे, थांबा फटीत जातो, जनुक पुढे चालू.

"आन् वहिवाट काय म्हन्ती?"

वहिवाट म्हणजे कागदावर काही असो, प्रत्यक्षात ती जमीन कोण कसतो ते. मला हसू आलं, कारण आमच्याकडेही ती बघायची सोय होती. पेशी जे जनुक वापरते त्याची नक्कल काढते. त्या नकलांचे लाखो बारीक तुकडे वाचलेले असतात. ते नकाशाखाली जुळवून मांडले की कुठला भाग वापरात आहे ते दिसतं. मी त्या जागेच्या नकला उघडून दाखवल्या. डावीकडे दाट, उजवीकडे दाट, आणि मध्ये, नेमकं त्या थांब्याच्या आसपास, मोकळं.

"मधी कोनी नांगरत न्हाई," आबा म्हणाले.

"म्हणजे दोन जनुकं."

त्यांनी चष्मा वर सरकवून पट्ट्या पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, "नात्यातलीची एक हाय म्हन्तीस ना? मंग हिची दोन कशी झाली? तीन-तीन मोजताना एखादा आना गळला तर पुढचं समदं सरकंल का न्हाई?"

"सरकेल."

"मंग आना गळलाय कुठंतरी. हितंच सुरवातीला बघ." आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं. ते ठेवलं जनुकाच्या अगदी आरंभी. त्या बोटाचा ठसा कितीतरी दिवस तिथे होता.

त्याच दुपारी त्यांनी मला राजूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली मोजणी सांगितली. दोन शेतांच्या हद्दीचा वाद होता. लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. मोजणीच्या दिवशी सगळे हजर, सगळे म्हणाले नकाशात आहे तीच हद्द. आली नाही ती फक्त नाल्याकडच्या अंगाची एक म्हातारी. पंचनाम्यात लिहून मोकळं व्हायचं, हजर असलेल्यांची हरकत नाही.

"तुम्ही लिहिलं का?"

"न्हाई. मी आपला दुसऱ्या दिशी तिच्या घरी गेल्तो. जो येत न्हाई त्याला कायतरी म्हनायचं असतंय. येनाऱ्यांचं ठरल्यालं असतं, म्हनून तर येत्यात. म्हातारी म्हनली, साहेब, मी येऊन काय करू, तुमी कागद बघून बोलनार आन् मी दगड बघून. तिनं करवंदीच्या जाळीत जुना हद्दीचा दगड दावला. नकाशाच चुकल्याला हुता. माझ्याच खात्याचा."

"मग?"

"मंग काय. वर लिहून पाठिवलं, आमचा नकाशा चुकलाय. साहेबानं महिनाभर माझ्याकडं बघितलं न्हाई." ते हसले, आणि हसण्यानेच त्यांना ढास लागली.

थंडी सरता सरता आबा गेले. दवाखान्यात तीन दिवस होते. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही. दहावा-तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि आई अन् मी एवढ्याशा घरात एकमेकींना न बोलता वाट देत फिरू लागलो. मी कॉलेजात जायची, शिकवायची, घरी यायची. संगणक उघडत नव्हते. खुर्ची तिथेच होती.

त्याआधीच, आबा असतानाच, मी माझं उत्तर भरून ठेवलं होतं: जनुक एकच, मध्ये छोटी फट. खरं सांगायचं तर त्या फटीवर माझा विश्वास नव्हता. पण एकच जनुक म्हणायचं तर तो थांबा ओलांडायला काहीतरी हवं होतं, आणि प्रोग्रॅमने ते आयतं दिलं होतं.

फाल्गुनात ठरल्याप्रमाणे दोघींची उत्तरं समोरासमोर ठेवायचा दिवस आला. प्रकल्प बघणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापिका पडद्यावर होत्या, आम्ही दोघी विभागात एका बाकावर. जोडीदारणीने दोन जनुकं लिहिली होती. तिने शांतपणे नकलांतली मोकळी जागा दाखवली, माझी फट मोजून दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, ही फट तुम्ही स्वतः विद्यार्थ्याच्या कामात मान्य केली नसती."

नसतीच केली. मी तसं म्हणाले.

"मग दोनच लिहू या का?" प्राध्यापिकांनी विचारलं. "की अनिश्चित म्हणून सोडू? तसं सोडलं तर पहिल्या प्रोग्रॅमचा अंदाज कायम राहील. म्हणजे दोनच."

माझ्याकडे एवढंच होतं की नात्यातल्या माशीत एक आहे आणि माझे वडील म्हणाले होते आणा गळलाय. दुसरी गोष्ट मी बोलले नाही. मी आठ दिवस मागितले. जोडीदारणीने माझ्याकडे पाहिलं आणि तीही म्हणाली, "देऊ या ना, मॅम. माशी कुठे पळून चालली आहे."

त्या आठ दिवसांतले चार मी वाया घालवले. आबांनी बोट ठेवलं होतं तिथे, जनुकाच्या आरंभी, मी अक्षर अन् अक्षर तपासलं. नात्यातल्या माशीशी ताडून पाहिलं. काही गळालेलं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी चहा घेताना मला एकदम लाज वाटली. मी जनुक शोधत नव्हते, आबा बरोबर होते याचा पुरावा शोधत होते. ते वेगळं काम आहे, आणि त्यातून खोटा पुरावाही सापडू शकतो. दोन जनुकं असतील तर दोन लिहावीत. आबांना त्याचं काही वाटलं नसतं. मला वाटलं असतं. त्यांच्याबरोबरचं शेवटचं काम तेवढंच उरलं होतं.

मी कॉलेजात गेले, वर्ग घेतला, आणि रिकाम्या प्रयोगशाळेत संगणकासमोर बसले. पुन्हा तीच मोकळी जागा. डावीकडे दाट, उजवीकडे दाट, मध्ये कुणी नाही. मध्ये कुणी आलं नाही.

जो येत नाही त्याला काहीतरी म्हणायचं असतं.

मग मला आठवलं की न आलेल्यांची वेगळी यादी असते. नकलांचे तुकडे नकाशाखाली मांडताना जे जुळत नाहीत ते संगणक बाजूला काढून ठेवतो. किती काटेकोर जुळणी हवी ते आपण ठरवायचं असतं, आणि आमच्या विभागात ते मीच ठरवलं होतं, वर्षाच्या सुरुवातीला. विद्यार्थ्यांना पडदा स्वच्छ दिसावा, गोंधळ होऊ नये, म्हणून मी चाळणी बारीक लावली होती. एका अक्षराचा फरक असलेला तुकडाही बाहेर. दोघींनी तीच मांडणी वापरली. नकाशात चूक असेल तर ती चूक सांगू शकतील असे सगळे तुकडे मी आधीच घालवून दिले होते, आणि ते आले नाहीत यावरूनच दोघींनीही आपापली उत्तरं बांधली होती.

बाजूला काढलेली फाइल उघडली. थांब्याच्या आधीची थोडी अक्षरं घेऊन शोध लावला. एक तुकडा निघाला, मग आणखी, मग खाली सरकत बसावं लागलं. नकाशात थांब्याच्या जरा आधी एकच अक्षर सहा वेळा ओळीने येत होतं. या तुकड्यांत ते सात वेळा होतं. पहिल्यात सात. दुसऱ्यात सात. मी कागदावर रेघा मारत गेले आणि एकोणीस झाल्यावर थांबले. सात धरून पुढे तीन-तीन वाचलं तर थांबा नाहीसा होत होता, आणि पुढचं सगळं नात्यातल्या माशीशी जुळत होतं. फटीचीही गरज नव्हती.

जागा आबांच्या बोटापासून कितीतरी दूर होती, जवळजवळ जनुकाच्या मध्यावर.

आनंद झाला, पण त्याच्यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. एकच अक्षर ओळीने येतं तेव्हा वाचणारं यंत्र मोजायला चुकतं, हे मी दरवर्षी शिकवते. नकाशा वाचताना चुकलं असेल, तसं नकला वाचतानाही चुकलं असेल. म्हणून तेच अक्षर ओळीने सहा वेळा येणाऱ्या दुसऱ्या चार जागा काढल्या आणि तिथल्या नकला, बाजूला काढलेल्यांसकट, पाहिल्या. चारही ठिकाणी सहाला सहाच. तरीही शंका राहिली ती माझ्या डोळ्यांची. मला सात हवे होते.

जोडीदारीण विभागात उत्तरपत्रिका तपासत होती. मी तिला म्हणाले, "एक काम कर. काय सापडलं ते मी सांगणार नाही. बाजूला काढलेल्या फाइलीत ही अक्षरं शोध आणि पुढे काय येतं ते मोज."

"नियमाने?"

"नियमाने."

ती गेली. मी तिच्या जागेवर बसून उगीच एक उत्तरपत्रिका वाचली. कुणीतरी बेडकाच्या हृदयाची आकृती काढून तिला चारच्या जागी तीन कप्पे दाखवले होते, जे बरोबर होतं, आणि मग घाबरून चौथा जोडला होता. वीसेक मिनिटांनी ती दारात आली.

"सात," ती म्हणाली. "सगळीकडे सात. तुमचे?"

"सात."

ती खुर्ची ओढून बसली. "म्हणजे माझीही दोन गेली आणि तुमची फटही गेली."

"गेली."

"मी सहा म्हणाले असते तर डबा बंद केला असता का?"

"शीरखुर्मा तुझ्याकडून येतो. डबा मी कशी बंद करीन?"

ती हसली. मग म्हणाली, "ही चाळणी कुणी लावली होती हो?"

"मीच."

"बरं झालं. मी असते तर वर्षभर ऐकवलं असतं तुम्ही."

शनिवारी आम्ही दोघींनी मिळून मांडलं: एकोणीस तुकडे, ताडून पाहिलेल्या चार जागा, नात्यातल्या माशीशी जुळणारं पुढचं वाचन. प्राध्यापिका पुन्हा पुन्हा खाली-वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नकाशा आपल्याला बदलता येत नाही. पण नकाशात इथे एक अक्षर कमी आहे, अशी नोंद पुराव्यासकट जोडता येते. जनुक एक लिहा. आणि तुमची मांडणी बदला, नाही तर इतर तुकड्यांतही हेच होईल." ते आम्ही आधीच बदललं होतं. जुने दोन तुकडे पुन्हा तपासायला काढलेही होते.

सगळं सुटलं असं नाही. या जनुकाची सुरुवात नेमकी कुठे, याच्या दोन जागा संभवतात, आणि दोन्हींच्या बाजूने थोडं थोडं बोलता येतं. तिथे आम्ही 'अनिश्चित' लिहिलं. जोडीदारीण म्हणाली, "तुमच्यात एवढं 'माहीत नाही' लिहायची हिंमत कधीपासून आली?" मी म्हणाले, पुढे कुणाला तरी तिथे उभं राहायचं आहे, त्याला खूण तरी दिसू दे. आबांनी सुरुवातीलाच बोट ठेवलं होतं, हे मला तेव्हा आठवलं. त्यांना तिथे काय दिसलं असेल ते कळायला आता मार्ग नाही. बहुधा काहीच दिसलं नसेल. हात तिथपर्यंत पोचत होता, एवढंच.

नोंद इंग्रजीत लिहायची होती, चार ओळींची. लिहिताना आबांच्या साहेबाची आठवण झाली. आमच्या वरच्यांनी तोंड फिरवलं नाही. दोन दिवसांत उत्तर आलं, पुरावा मिळाला, धन्यवाद, आणि अशाच आणखी जागा दिसल्या तर कळवा.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. आई गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली येत होती. तिने पदराने तोंड पुसलं.

"झालं का तुझ्या माशीचं?"

"झालं."

"एक का दोन?"

तिला ते माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. आम्ही बोलायचो तेव्हा ती आत मालिका बघत असायची.

"एकच आहे. एक अक्षर गळालं होतं."

"त्ये म्हनतच हुते." ती माठाकडे गेली, पाणी प्यायली. "कावळे लई झालेत वर. कुरडयांवर फडकं टाकलंय, पन एका अंगाला बांधायला कायतरी जड पाहिजे. काय न्हाई घरात."

मी आत गेले. टेबलाच्या डावीकडची खुर्ची उचलली. तडा गेलेल्या हाताकडून धरली तर मोडेल म्हणून पाठीकडून धरली. जिन्यात आई म्हणाली, "अगं, ती हलकी हाय, उडंल." मी म्हणाले, "वर विटा आहेत, दोन ठेवू तिच्यात." तिने फडक्याचं टोक खुर्चीच्या पायाला बांधलं, मी विटा ठेवल्या, आणि पलीकडच्या कठड्यावरचे कावळे आमच्याकडे बघत बसले.